रोलर रुतला त्या चारशे मीटरचे अपील

रस्त्यांची कामे घेणारे ठेकेदार आबा पहिल्यांदा माझ्याकडे आले ते युरियाच्या रिकाम्या पोत्यात कागद भरून. पोते टेबलावर पालथे केले तेव्हा त्यातून डिझेलच्या पावत्या, दोन चुरगळलेली चालू बिले, गौण खनिजाचे काही वाहतूक पास, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि कार्यकारी अभियंत्यांना चौदा महिन्यांत पाठवलेली सात पत्रे निघाली. सातही पत्रांचा विषय एकच: ‘उर्वरित रक्कम मिळणेबाबत’. शेवटच्या पत्राला साडेतीन ओळींचे उत्तर आले होते. आपली मागणी निविदेतील तरतुदींनुसार मान्य करता येत नाही, वगैरे. त्या उत्तरावर बोट ठेवून आबा म्हणाले, “साहेब, ह्याच्यावर अपील ठोकायचं.”

“ह्याच्यावर अपील होत नाही, आबा.”

“एकदा केलंय की. पुण्यानं परत पाठवलं.”

परत येणारच होते. मुख्य अभियंत्यांच्या कार्यालयाने चार महिने ठेवून घेऊन एका ओळीत कळवले होते की अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय सोबत जोडलेला नाही. ती ओळ आबांनी वाचली होती, पण तिचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.

मी सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. ठेकेदारांची अशी शेकडो पत्रे मी स्वतः आवक नोंदवहीत चढवून फाईलला लावली आहेत, तेव्हा साडेतीन ओळींची उत्तरे कशी लिहिली जातात हे मला चांगले ठाऊक आहे. आता टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, ठेकेदारांच्या शेजारी बसतो. हे प्रकरण आबांच्या परवानगीने लिहितो आहे. खाते आणि गाव सांगत नाही. रकमा व मोजमापे ओळख पटणार नाही इतपत बदलली आहेत, हिशेबाची रीत मात्र तीच आहे.

काम कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या पूरपट्ट्यातले. नदीकडेच्या गावरस्त्याचा भराव उंच करून वर खडीकरण-डांबरीकरण. निविदा ब-१ या सरकारी छापील करारनमुन्यातली, म्हणजे टक्केवारीची. अंदाजित किंमत १ कोटी ८४ लाख, आबांचा दर ११ टक्के कमी, म्हणजे करार १ कोटी ६३ लाख ७६ हजारांचा. कार्यारंभ आदेश डिसेंबर २०२० चा, मुदत पावसाळा धरून १२ महिने. मध्ये जुलै २०२१ चा महापूर आला. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला तिथे आमच्या गावरस्त्याची काय कथा. काम मार्च २०२२ मध्ये, ९६ दिवस उशिरा संपले. अंतिम बिल मे २०२२ मध्ये निघाले आणि त्यात तीन गोष्टी अडकल्या.

पहिली मुरमाची. निविदेत भरावाचा मुरूम ६,४०० घनमीटर होता, प्रत्यक्षात १०,१५० पडला. पुराचे पाणी कुठवर चढले ते बघून उपअभियंत्यांनी भराव ०.४५ मीटरने उंच घ्यायला लावला होता. ब-१ चा खंड ३८, म्हणजे करारातले ३८ वे कलम, म्हणतो की निविदेतल्या परिमाणाच्या २५ टक्के वरपर्यंत निविदेचाच दर; त्यापुढच्या परिमाणाला चालू दरसूचीचा (खात्याच्या ठरलेल्या दरांच्या यादीचा) दर, त्यावर निविदेची टक्केवारी लावून. ६,४०० चे सव्वापट ८,०००. उरले २,१५० घनमीटर. जुना दर ३१० वजा ११ टक्के म्हणजे २७५.९०, नवा ४२८ वजा ११ टक्के म्हणजे ३८०.९२. फरक १०५.०२ रुपये, गुणिले २,१५०, म्हणजे २,२५,७९३ रुपये. खात्याने सगळा मुरूम मोजला, सगळ्याचे पैसे दिले, पण जुन्या दराने.

दुसरी गोष्ट दगडाची, आणि खरे प्रकरण हेच. पूर ओसरल्यावर नोव्हेंबरात चारशे मीटरच्या एका पट्ट्यात काळी माती लोण्यासारखी झाली होती. त्यावर मुरूम पसरून रोलर चढवला तो रुतला. तो काढायला दुसरा जेसीबी आणावा लागला. शाखा अभियंता जागेवर होते. ते म्हणाले, चिखल काढा, दगड भरा, मग मुरूम टाका, बाकी बघू. ४०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, ०.४० मीटर खोल, म्हणजे ६४० घनमीटर चिखल निघाला आणि तेवढाच दगड गेला. निविदेत ही बाबच नव्हती. जादा बाब म्हणून तिचे दरपत्रक वरच्या कार्यालयातून मंजूर व्हायला हवे होते. ते पाठवलेच गेले नाही. मोजमाप पुस्तकात नोंद झाली आणि अंतिम बिलाच्या वेळी त्या नोंदीवर आडवी रेघ पडली. मागणी ७,३६,००० रुपयांची.

तिसरी दंडाची. ९६ दिवस, दिवसाला २,००० रुपये, १,९२,००० वजा. तीन्ही मिळून ११,५३,७९३ रुपये.

चौथी एक मागणी पोत्यातल्या कागदांत होती. आधीच्या कुठल्या सल्लागाराने ‘यंत्रसामग्री बसून राहिल्याबद्दल व उपरिव्ययापोटी’ १४ लाख लिहून दिले होते. लॉगबुक नाही, भाड्याची पावती नाही, त्या काळात पत्र नाही. मी ती काढून टाका म्हणालो. आबांचा मुलगा तयार होईना. त्याचे म्हणणे, जास्त मागितले तर निम्मे तरी मिळते. बाजारात मिळत असेल. फाईलवर उलटे होते. वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती एक कच्ची मागणी लागली की तो तिच्यावर दोन पाने लिहितो आणि पक्क्या मागण्या त्याच शेऱ्यात गुंडाळून टाकतो. मी स्वतः तसे शेरे लिहिले आहेत. तासभर वाद झाला, मग आबांनीच मुलाला गप्प केले.

आता खंड ३०. ब-१ चा छापील नमुना इंग्रजीत असतो आणि सही करताना तो कुणी वाचत नाही. आबांना मी तो चहा संपेपर्यंत मराठीत सांगितला. कामाबद्दलच्या कुठल्याही प्रश्नावर, मागणीवर, हक्कावर निर्णय अधीक्षक अभियंत्यांचा. कार्यकारी अभियंता करारावर सही करतो, बिल काढतो, पण त्याचे ‘मान्य करता येत नाही’ हा खंड ३० खालचा निर्णय नव्हे. अधीक्षक अभियंत्यांचा आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत मुख्य अभियंत्यांकडे अपील. त्यालाही दोन अटी: करार १० लाखांच्या वर असावा आणि मागणी १ लाखाच्या खाली नसावी. तिथे समाधान झाले नाही तर पुन्हा ३० दिवसांत खात्याच्या सचिवांकडे. सचिवांना प्रथमदर्शनी मागणीत तथ्य दिसले तर ते ती शासन स्तरावरच्या स्थायी समितीपुढे ठेवतात. अटी निविदेगणिक थोड्या बदललेल्या सापडतात, म्हणून स्वतःच्या करारातला खंड स्वतः वाचावा. शेजारच्या ठेकेदाराचा वाचून चालत नाही.

म्हणजे आबांनी चौदा महिने पत्रे लिहिली ती खालच्या पायरीवर उभे राहून, आणि अपील केले ते मधली पायरी सोडून.

पहिले काम म्हणून अधीक्षक अभियंत्यांना एक पानी अर्ज केला. विषयाच्या ओळीत ‘रक्कम मिळणेबाबत’ असे लिहिले नाही. लिहिले, ‘करारातील खंड ३०(१) अन्वये निर्णय मिळणेबाबत’. तीन मागण्या, तीन रकमा, आणि शेवटी विनंती की प्रत्येक मागणीवर कारणांसह लेखी आदेश व्हावा. रक्कम मिळावी अशी विनंती खालच्या कार्यालयाकडे ‘अभिप्रायासाठी’ घरंगळत जाते आणि तिथेच राहते. निर्णय मागितला की कुणाला तरी निर्णय लिहावा लागतो.

दुसरे काम माहितीच्या अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मोजमाप पुस्तकाच्या प्रती, साईट ऑर्डर बुक, अंतिम बिल आणि बिलासोबत जोडलेली सगळी कागदपत्रे मागितली. पानाला २ रुपये भरून पंचविसाव्या दिवशी एक गठ्ठा मिळाला. तो आम्ही राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत जमिनीवर पसरून बसलो. जे मिळाले ते आबांच्या पोत्यात कधीच मिळाले नसते.

साईट ऑर्डर बुकात उपअभियंत्यांच्या हातची ओळ होती: भराव पूरपातळी पाहून ०.४५ मीटर उंच घ्यावा. खाली सही आणि तारीख. मुरमाचा लेखी आदेश मिळाला.

मोजमाप पुस्तकातल्या दगडाच्या नोंदीवर एक तिरपी रेघ होती आणि ‘रद्द’ हा शब्द. बाजूला सही नाही, तारीख नाही, कारण नाही. मोजमाप पुस्तकात खाडाखोड करायची तर चुकीचा मजकूर वाचता येईल असा खोडून त्यावर आद्याक्षरी व तारीख घालायची, आणि मोजमापच रद्द करायचे तर कारण लिहून सही करायची, हे नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात शिकवतात. ही रेघ कुणाची, ते कागदावरून सांगताच येत नव्हते.

आणि गठ्ठ्याच्या शेवटी सुतळीने बांधलेले वाहतूक पास. मी ते ढकलून देणार होतो, कारण मुरमाची रॉयल्टी, म्हणजे खनिजापोटी सरकारला भरायची रक्कम, हा वादाचा विषय नव्हता. आबांच्या मुलाने सहज चाळले आणि म्हणाला, “हे दगडाचं हाईत की.” खाणीवरून निघालेल्या दगडाचे पास, गाडी नंबर, तारीख, ब्रास. सगळे नोव्हेंबर २०२१ चे. बेरीज २३१ ब्रास. ६४० घनमीटर म्हणजे ब्रासला २.८३ घनमीटर धरून २२६ ब्रास. निविदेत दगडभरावाची बाबच नाही, मग २३१ ब्रास दगडाचे पास खात्याने ठेवून कशाला घेतले? अंतिम बिलात रॉयल्टीच्या वजावटीचा हिशेब करताना कारकुनाने ते निमूटपणे मोजले होते. मोजमाप पुस्तकात दगड नव्हता, रॉयल्टीच्या हिशेबात होता.

अंतिम बिलावर आबांची सही होती, त्यावर मी घाबरत घाबरतच नजर टाकली. बहुतेक ठेकेदार पैशाच्या गरजेपोटी ‘बिल मान्य, कोणतीही मागणी नाही’ असे लिहून देतात आणि पुढची दोन वर्षे ती ओळ गळ्यात अडकते. इथे सहीच्या वर बॉलपेनने, थोड्या वाकड्या अक्षरात लिहिले होते: ‘जादा बाब, मुरूम दर व दंड याबाबत हक्क राखून सही करीत आहे.’ हे कुणी सांगितले म्हणून विचारले तर आबा म्हणाले, “बायको म्हणाली. तिच्या भावानं जमिनीच्या कागदावर असंच लिवलं हुतं.”

अधीक्षक अभियंत्यांचा आदेश तीन महिन्यांनी आला. तिन्ही मागण्या नामंजूर. मुरमाला कारण असे की उपअभियंता हा दरवाढीचा आदेश द्यायला सक्षम नाही. दगडाला, जादा बाबीचे दरपत्रक मंजूर नाही. दंडाला, मुदतवाढीचा अर्ज वेळेत नाही. आबांचा चेहरा उतरला. मला खरे तर बरे वाटले. कारणे लिहिलेला आदेश हातात आला म्हणजे अपिलात कुणाशी भांडायचे ते ठरले.

आदेशावर तारीख ३, पोहोचला १९ ला. तीस दिवस आदेशाच्या तारखेपासून नव्हे, मिळाल्यापासून मोजायचे. पण मिळाला कधी हे सिद्ध कसे करायचे? मुलाने पाकीट टाकून दिले होते. टपाल खात्याच्या ट्रॅकिंगची प्रत काढून घेतली आणि अपिलाच्या पहिल्याच परिच्छेदात आदेशाचा क्रमांक, तारीख व मिळाल्याची तारीख लिहिली. तेवढ्या सोळा दिवसांवर अपिले मेलेली मी पाहिली आहेत.

अपील अकरा पानांचे झाले. पहिल्या पानावर सगळे प्रकरण: करार, तीन मागण्या, तीन रकमा, अधीक्षक अभियंत्यांची तीन कारणे आणि प्रत्येक कारणासमोर आमचे एका वाक्यातले उत्तर. ज्यांना निर्णय लिहायचा आहे ते पहिले पान नीट वाचतात, बाकी चाळतात, हे गृहीत धरूनच लिहावे. पुढे प्रत्येक मागणीला एकच रीत: करारातला खंड, जागेवर काय घडले, ते कुठल्या कागदावर आहे, त्या कागदाचे पान, आणि हिशेब. ‘अन्याय’, ‘पिळवणूक’ हे शब्द मुलाने घातले होते ते मी काढले.

मुरमाला आम्ही म्हटले की आदेश देणारा सक्षम नव्हता असे म्हणायचे तर त्याच आदेशाने पडलेला १०,१५० घनमीटर मुरूम खात्याने मोजून पैसे कसे दिले? परिमाण मान्य करून दर नाकारायला खंड ३८ मध्ये जागा नाही.

दगडाला खंड १४. त्यात जादा बाबीचा दर ठरवायची पद्धत आहे. आदेश मिळाल्यावर सात दिवसांत ठेकेदाराने आपला दर कळवायचा असतो, आणि आबांनी तो कळवला नव्हता. ही आमची दुखरी बाजू. पण तोच खंड पुढे म्हणतो की दर ठरण्याआधी ठेकेदाराने काम सुरू केले तर तोवरच्या कामाला अभियंता ठरवेल तो दर. म्हणजे दर कमी मिळेल. शून्य मिळेल असे कुठे लिहिलेले नाही. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७०: फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा ज्याने लाभ घेतला, त्याने भरपाई द्यायची. हे कलम सरकारलाही लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या प्रकरणात सांगितले, आणि तिथेही कच्चे रस्ते व शेड बांधून घेऊन सरकार कराराच्या तांत्रिक त्रुटीकडे बोट दाखवत होते. विनंतीत पर्याय ठेवला: आमच्या दराने, नाही तर दरसूचीच्या दराने.

दंडाबाबत आम्ही चुकलो होतो. खंड ६ प्रमाणे अडथळा आल्यापासून ३० दिवसांत मुदतवाढ मागायची असते. पूर जुलैत, अर्ज ऑक्टोबरात. ते लपवले नाही. खंड २ खाली दंड कमी करायचा अधिकार अधीक्षक अभियंत्यांना असतो, त्यावर जोर दिला. पुरावा म्हणून जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचे रोजचे पूर अहवाल जोडले. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली का, ४३ ची धोका पातळी किती लांब, हे इथे पोरे शाळेत जाताना बोलतात. त्याच अहवालात खाली पाण्याखालच्या बंधाऱ्यांची यादी असते: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. मुरमाच्या गाड्या ज्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून येत, तो त्या हंगामात किती दिवस यादीत होता ते तारीखवार तक्त्यात मांडले. ५६ दिवस.

सत्ताविसाव्या दिवशी अपील पुण्याला हातोहात दिले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोहोच घेतली.

सुनावणी लागायला चार महिने गेले. वेळ साडेतीनची, बोलावले पाचला, चालली वीस मिनिटे. मी पान क्रमांक सांगत होतो. मुख्य अभियंत्यांनी मध्येच मला थांबवून आबांना विचारले, “दगड कशाला टाकला? मुरूम टाकायचा की.”

“साहेब, रोलर रुतला,” आबा म्हणाले. “तशात मुरूम टाकला असता तर तुमचा रस्ता पुढच्या पुरात वाहून गेला असता, आन् माझं नाव बी.”

खात्याचे प्रतिनिधी म्हणाले की दगड टाकल्याचा कोणताही पुरावा अभिलेखात नाही. मी पासांचे पान उघडून पुढे केले. मुख्य अभियंत्यांनी पास उलटसुलट करून पाहिले, कार्यकारी अभियंत्यांकडे पाहिले, आणि काहीच बोलले नाहीत.

त्यानंतर तीन महिने आदेश नाही. ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा एवढ्यासाठी उच्च न्यायालयात रिट करता येते, ते सुचवले. पण तेव्हा रिट म्हणजे मुंबई. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर जायचे, वकील तिथला, तारीख पुढे गेली की परत. आबा नको म्हणाले. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. आज तोच प्रश्न आला असता तर आबा कदाचित हो म्हणाले असते. पैशाच्या वादग्रस्त हिशेबात रिटचा फार उपयोग नाही, पण झोपलेली फाईल उठवायला होतो.

आदेश आला तेव्हा मुरूम पूर्ण मंजूर, २,२५,७९३. दंडातून बरोबर ५६ दिवस वजा, म्हणजे १,१२,००० परत. उरलेल्या ४० दिवसांना आमच्याकडे कागद नव्हता आणि ते मिळाले नाहीत. दगड नामंजूर, कारण तेच: दरपत्रक मंजूर नाही. पासांबद्दल आदेशात एक शब्द नव्हता.

मंजूर झालेले ३,३७,७९३ रुपये अनुदान नाही म्हणून पुढे पाच महिने आले नाहीत, पण तो वेगळा विषय.

आता दुसऱ्या घड्याळाकडे बघायची वेळ आली होती. ठेकेदारांचा एक समज आहे की अपिले चालू आहेत तोवर कोर्टाची मुदत थांबते, आणि शेवटी लवाद नेमता येतो. दोन्हींवर भरवसा ठेवू नये. खंड ३० लवादाचा करार आहे का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच ब-१ करारांवरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१३ मध्ये विष्णू विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात न्यायालयाने सांगितले की नाही, ही खात्यांतर्गत व्यवस्था आहे. त्यामुळे अशा करारात वेगळा लवादाचा खंड नसेल तर रस्ता दिवाणी दाव्याचा. आणि केलेल्या कामाच्या पैशाला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे तीन वर्षे. नुसत्या पत्रव्यवहाराने ती लांबत नाहीत. आबांचे काम मार्च २०२२ ला संपले. पत्रांत, चुकीच्या अपिलात, दोन पायऱ्यांत मिळून सप्टेंबर २०२४ उजाडला होता. हातात सहा महिने. आबांच्या एका मित्राने धीर दिला होता की कोरोनाची दोन वर्षे वजा होतात. सर्वोच्च न्यायालयाने वगळलेला काळ १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ असा आहे. आबांचे काम त्यानंतरच्या महिन्यात संपले.

म्हणून दोन्ही एकदम केले. तीस दिवसांच्या आत सचिवांकडे तिसरे अपील, फक्त दगडाचे. आणि वकिलांमार्फत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस, जिल्हाधिकाऱ्यांना. सरकारवर दावा करण्याआधी ती देऊन दोन महिने थांबावे लागते. ते दोन महिने मुदतीतून वजा होतात. बांधकामाचा करार हा व्यापारी वाद, आणि ३ लाखांच्या वरचा, म्हणून दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. तोही काळ वजा होतो. मध्यस्थीला खात्याकडून कुणी आले नाही, तसा अहवाल मिळाला आणि कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात दावा दाखल झाला. ४० दिवसांच्या दंडाचे ८०,००० आबांनी सोडून दिले. “चूक आपली हुती,” म्हणाले.

सचिवांकडच्या अपिलाचे अजून उत्तर नाही.

व्यापारी दाव्यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला जास्तीत जास्त १२० दिवस असतात, त्यानंतर तो हक्क जातो. खात्याची कैफियत ११७ व्या दिवशी आली. वकिलांनी मला वाचायला दिली. परिच्छेद ९ मध्ये म्हटले आहे की सदर लांबीत दगडभराव करण्यात आलेलाच नाही. परिच्छेद १३ मध्ये म्हटले आहे की वापरलेल्या दगडाच्या रॉयल्टीचे पास वादीने स्वतःच सादर केले असून ते बिलासोबत तपासून घेण्यात आले आहेत.

मी दोन्ही परिच्छेदांखाली पेन्सिलने रेघ मारून आबांना वाचून दाखवले. त्यांनी परिच्छेद १३ पुन्हा एकदा वाचायला लावला, मग तारीख कधीची आहे ते विचारून कॅलेंडरवर गोल केला.